अकोला-अमरावतीहून अंदमान: चौघांचं कुटुंब, दीड लाखाचं बजेट आणि बेटांवरचा आठवडा

अकोला स्टेशनपासून मुंबई साधारण ५८५ किलोमीटर, बडनेऱ्यापासून त्यात आणखी ऐंशीची भर. वऱ्हाडातल्या माणसाला समुद्र बघायचा तर गाडीत एक रात्र काढणं आलंच. त्यामुळे इथल्या बऱ्याच घरांत समुद्र म्हणजे चौपाटी, गणपतीपुळे, फार तर गोवा. रील्स आल्या आणि हे चित्र बदललं. आता दहावीतल्या मुलीला मालदीव हवं असतं, धाकट्याला मासे बघायचे असतात, आजीला सावरकरांची कोठडी बघायची असते आणि बाबा मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून बसलेले असतात.

या चौघांचं समाधान एकाच ठिकाणी होऊ शकतं, ते म्हणजे अंदमान. पासपोर्ट नको, व्हिसा नको, रुपया चालतो, हिंदी सगळीकडे समजते. पण अंदमान स्वस्त आहे असं कुणी सांगितलं तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. नीट आखणी केली तर ते परवडतं, नाही केली तर त्याच पैशात थायलंड झालं असतं असं म्हणायची वेळ येते.

कधी जायचं, हा पहिला प्रश्न

बहुतेक लोक आधी हॉटेल बघतात. खरं तर आधी कॅलेंडर बघायला हवं. नैऋत्य मोसमी पाऊस केरळात १ जूनच्या सुमारास येतो, पण अंदमान-निकोबारवर तो त्याआधीच, मे महिन्याच्या २०-२२ तारखेच्या आसपास पोचतो. तिथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, वऱ्हाडाच्या तिप्पट-चौपट. नैऋत्य पाऊस ओसरतो न ओसरतो तोच ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी वारे आणि बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ सुरू होतो. समुद्र शांत आणि पाणी नितळ असण्याचे भरवशाचे महिने म्हणजे जानेवारी ते एप्रिल.

आता हे शाळेच्या सुट्ट्यांशी जुळवून बघा. दिवाळीची सुट्टी येते ती नेमकी वादळांच्या मोसमात. नाताळात हवा चांगली, पण सगळा देश तिकडेच निघालेला असतो आणि विमानाचं भाडं दुप्पट झालेलं असतं. उरते उन्हाळ्याची सुट्टी. विदर्भात शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात म्हणून लोक जूनचा पहिला आठवडा धरतात, आणि तिथेच फसतात. कारण तोपर्यंत अंदमानात पाऊस स्थिरावलेला असतो. वऱ्हाडातल्या कुटुंबासाठी खरी खिडकी अगदी छोटी आहे: परीक्षा संपल्यापासून मेच्या साधारण दहा-बारा तारखेपर्यंत.

ही खिडकी इतर बाबतींतही सोयीची आहे. शेती असलेल्या घरात कापूस-तूर विकून झालेली असते आणि खरिपाच्या तयारीला अजून अवकाश असतो. अकोल्यात पारा ४५ अंशांकडे निघालेला असतो, तेव्हा बेटांवर तो तिशीच्या आसपास घुटमळतो. (दमटपणा मात्र असा की कपडे वाळत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं.) अडचण एकच, लग्नसराई. मावसभावाच्या लग्नाची तारीख आधी विचारून घ्या. तिकीट रद्द करण्याचा खर्च आहेरापेक्षा जास्त होतो.

पोचायचं कसं: चेन्नई की कोलकाता?

पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम करण्यात आलं. विमानतळ वीर सावरकरांच्या नावाचा आहे आणि त्याची शंखाच्या आकाराची नवी इमारत जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. बुकिंगच्या साइटवर जुनं आणि नवं, दोन्ही नावं दिसू शकतात, गाव एकच आहे. चेन्नई आणि कोलकाता या दोन्ही शहरांपासून ते साधारण १,३०० ते १,४०० किलोमीटरवर आहे आणि विमानाला दोन-सव्वादोन तास लागतात.

अमरावतीकरांना वाटेल की आता बेलोऱ्याला विमानतळ झालाच आहे. १६ एप्रिल २०२५ पासून तिथून मुंबईची विमानसेवा सुरू झाली हे खरं, पण अंदमानला जायचं तर पूर्वेला असताना आधी पश्चिमेला मुंबई गाठणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. अकोल्याच्या शिवणी विमानतळाबद्दल तर अकोलेकरांपुढे न बोललेलंच बरं.

मग उरतात दोन वाटा. पहिली, नागपूर विमानतळावरून. अकोला-नागपूर रेल्वेने अडीचशे किलोमीटर, बडनेऱ्याहून पावणेदोनशे. तिथून एका थांब्यासह श्री विजयपुरमचं तिकीट मिळतं. वेळ वाचतो, खिसा जास्त रिकामा होतो.

दुसरी वाट मध्यमवर्गाच्या जास्त कामाची आहे: रेल्वेने चेन्नई आणि पुढे विमान. अहमदाबाद-चेन्नई नवजीवन एक्सप्रेस अकोला आणि बडनेरा दोन्हीकडे थांबते आणि वर्धा-बल्लारशा-विजयवाडामार्गे थेट चेन्नई सेंट्रलला नेते. मध्ये गाडी बदलायची भानगड नाही. थर्ड एसीचं भाडं माणशी दीड ते दोन हजारांच्या आत बसतं. चेन्नई सेंट्रलपासून विमानतळापर्यंत मेट्रो आहे, त्यामुळे बॅगा घेऊन टॅक्सीवाल्याशी घासाघीस नाही. हावड्यासाठी गीतांजली, हावडा मेल, आझाद हिंद अशा गाड्या आहेत, पण हावडा स्टेशन शहराच्या एका टोकाला आणि कोलकात्याचा विमानतळ दुसऱ्या टोकाला. पोरंबाळं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर चेन्नईची वाट सोपी.

एक नियम मात्र पाळायचाच. ज्या दिवशी रेल्वे चेन्नईला पोचते, त्याच दिवसाचं विमान धरायचं नाही. गाडी चार तास उशिरा आली तर रेल्वे तुमचं विमानाचं तिकीट भरून देत नाही. एक रात्र चेन्नईत काढा. दोन-तीन हजारांची ती खोली म्हणजे विमाच समजा.

जहाजाचं काय? चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सरकारी प्रवासी जहाजं जातात. साध्या बंकचं भाडं विमानापेक्षा पुष्कळ कमी आणि जहाजाने समुद्र ओलांडला असं आयुष्यभर सांगता येतं. पण एका बाजूला तीन-चार दिवस लागतात, महिन्याला फेऱ्या मोजक्याच असतात आणि तारखा ऐनवेळी सरकतात. कॉलेजच्या पोरांनी जरूर करावं. कुटुंबाच्या आठ-दहा दिवसांच्या सुट्टीत ते बसत नाही.

केंद्र सरकारी नोकरी असलेल्या घरांसाठी इथे मोठी सूट आहे. स्वगावी जाण्याच्या एलटीसीच्या बदल्यात अंदमानला विमानाने जाण्याची विशेष सवलत केंद्राने वेळोवेळी वाढवली आहे आणि सध्याची मुदत २५ सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे. मात्र तिकीट ठरवून दिलेल्या संस्थांकडूनच काढावं लागतं: बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी. स्वस्त मिळालं म्हणून दुसऱ्या ॲपवरून काढलं आणि बिल नामंजूर झालं, असं होऊ देऊ नका. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे आहेत, ते आपल्या आस्थापना शाखेत विचारावेत.

बेटं कोणती, किती रात्री?

सरकारी मोजणीत अंदमान-निकोबारमध्ये बेटं, छोटी बेटं आणि खडक धरून ८३६ आहेत, त्यातल्या ३१ बेटांवर वस्ती आहे. यूट्यूबवर 'सात दिवसांत दहा बेटं' असे व्हिडिओ आहेत. ते बघून कुटुंबाला पळवू नका. सहा रात्रींत तीन मुक्काम पुरेत: श्री विजयपुरम, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप. शेवटची दोन म्हणजे पूर्वीची हॅवलॉक आणि नील, डिसेंबर २०१८ मध्ये त्यांची नावं बदलली. जेट्टीवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून जुनीच नावं चालतात.

पहिली रात्र श्री विजयपुरमला काढायची आणि त्या दुपारी सेल्युलर जेल बघायचं. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या मूळ सात ओळींपैकी तीनच आज उभ्या आहेत. मधल्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या त्या पसरलेल्या होत्या, एका ओळीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. विनायक सावरकर इथे १९११ ते १९२१ होते आणि त्यांचे थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते, पण दोघांना एकमेकांचा पत्ताही सहज लागू दिला जात नव्हता. मराठी पर्यटक कोठडी बघून, हात जोडून निघतात. थोडा वेळ काढून भिंतींवरच्या नावांच्या पाट्या वाचा. बंगाल आणि पंजाबातून आलेल्या कैद्यांची नावं बघितली की मुलांना हा तुरुंग फक्त एका माणसाची गोष्ट नाही हे न सांगता कळतं. संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाचं तिकीट आधी काढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या मजल्याचे जिने बघून ठरवावं.

मग दोन रात्री स्वराज द्वीप. हे बेट खरं तर शेतकऱ्यांचं आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना १९५० च्या दशकात इथे वसवलं गेलं. राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर, गोविंदनगर, विजयनगर अशी गावांची नावं त्यातूनच आली. नारळ-सुपारीच्या बागांतून जाणारा रस्ता संपतो तिथे राधानगरचा किनारा आहे. टाइम मासिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं. स्वच्छतागृहं, कपडे बदलायच्या खोल्या आणि जीवरक्षक आहेत, म्हणून लहान मुलं आणि आजी-आजोबांसाठी हा सगळ्यात निर्धास्त किनारा.

इथे घड्याळाचा एक घोळ होतो. अंदमान अकोल्याच्या जवळपास सोळा अंश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. म्हणजे सूर्य अकोल्यापेक्षा तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. मेमध्ये पहाटे पाचला लख्ख उजाडतं आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. सुट्टी आहे म्हणून नऊला उठणारं कुटुंब दिवसाचे चार तास घालवून बसतं. दुपारी जेवून, झोपून पाचला किनाऱ्यावर जाणाऱ्याला तर सूर्यास्ताची शेपटीच दिसते. राधानगर पश्चिमेकडे तोंड करून आहे, तिथे चारलाच पोचा. कालापत्थरचा किनारा पूर्वेला आहे, तो पहाटेसाठी.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. बेटाच्या पूर्व बाजूला, विजयनगरकडे, बरीच रिसॉर्ट्स आहेत. फोटोत पाणी खोलीच्या दाराशी दिसतं. ओहोटीला तेच पाणी लांब मागे सरतं आणि दगड-प्रवाळ उघडे पडतात, तेव्हा पोहता येत नाही. हॉटेल फसवतं असं नाही, फोटो भरतीच्या वेळी काढलेला असतो इतकंच. शहीद द्वीपावरची दगडी नैसर्गिक कमान तर उलट ओहोटीलाच नीट बघता येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हा चढउतार सगळ्यात मोठा असतो, आणि तिथी बघायला स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतंच.

चौथी रात्र शहीद द्वीप: छोटं, शांत, भाजीपाला पिकवणारं बेट. भरतपूर किनाऱ्यावरचं पाणी उथळ आहे, धाकट्यांना कंबरभर पाण्यात उभं राहून मासे बघता येतात. लक्ष्मणपूरला सूर्यास्त, सीतापूरला सूर्योदय.

शेवटच्या दोन रात्री परत श्री विजयपुरम. "दोन कशाला, बेटावरच एक रात्र वाढवू," असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. ऐकू नका. समुद्र खवळला की फेऱ्या बंद होतात. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि नौदलाला त्यांना आणावं लागलं होतं. इतकं टोकाचं क्वचित घडतं, पण एक फेरी रद्द होणं नेहमीचं आहे. विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर असणं म्हणजे चार तिकिटं पाण्यात घालण्याची तयारी.

बारातांगची चुनखडीची गुहा बहुतेक पॅकेजांत असते. त्यासाठी मध्यरात्रीनंतर उठून, जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून ताफ्यात गाड्या घेऊन जावं लागतं. १९५६ च्या संरक्षण नियमांनुसार तिथे थांबणं, खाऊ देणं, फोटो काढणं हा गुन्हा आहे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथला रस्ता बंद करायला सांगितलं होतं, तरी वाहतूक चालू राहिली. गाडीच्या काचेतून माणसं 'दिसतात का' म्हणून बघत जाणारा हा प्रवास मुलांना काय शिकवतो, याचा विचार करून ती सहल गाळलेली बरी. गुहेसाठी सातपैकी एक दिवस आणि सगळ्यांची झोप खर्ची पडते, ते वेगळंच.

आता हिशेब

आई-बाबा, दोन मुलं, एप्रिलअखेर, सहा रात्री बेटांवर. हे आकडे अंदाजाचे आहेत, बुकिंगच्या दिवशी थोडे खालीवर होणारच.

चेन्नईपर्यंत रेल्वे, जाऊन-येऊन माणशी ३,६०० धरले तर चौघांचे १४,४००. चेन्नई-श्री विजयपुरम परतीचं विमान माणशी १२,००० धरलं तर ४८,०००. चेन्नईतली एक रात्र ३,०००. बेटांवर चार रात्री अडीच हजारांच्या साध्या, स्वच्छ खोल्यांत आणि दोन रात्री सात हजारांच्या चांगल्या रिसॉर्टमध्ये, मिळून २४,०००. खासगी बोटीचे तीन टप्पे, दर टप्प्याला माणशी १,५०० प्रमाणे १८,०००. जेवणखाण १७,५००, स्थानिक गाड्या १२,०००, पाण्यातले खेळ १०,०००. बेरीज १,४६,९००. दीड लाख धरून चाला.

कात्री कुठे लावायची? विमानाचा आकडा सगळ्यात मोठा आहे आणि तो फक्त लवकर बुकिंग केल्यानेच उतरतो. याच प्रवासाला नाताळात माणशी वीस हजार पडले, तर एकाच फटक्यात ३२,००० वाढतात. त्यानंतरची जागा म्हणजे बोट. सरकारी फेरी खासगी कॅटामरानपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, पण वेळ जास्त घेते आणि तिची तिकिटं मोजके दिवस आधीच खुली होतात. तिन्ही टप्प्यांना तिच्यावर अवलंबून राहू नये. एखाद्या टप्प्याला, शक्यतो परतीच्या, जमलं तर बघावं. तिकिटावर जेट्टीचं नाव नीट वाचा, सगळ्या बोटी एकाच ठिकाणाहून सुटत नाहीत.

जेवणात फार वाचत नाही. भाजी, डाळ, दूध बरंचसं मुख्य भूमीवरून येतं, म्हणून शाकाहारी थाळीही स्वस्त नाही. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, दशम्या, चिवडा घरून न्यावा, एक वेळचं जेवण सहज निघतं. फक्त सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत टाकू नका. त्यात तेल असल्याने विमानात त्यांना बंदी आहे आणि तपासणीत बॅग उघडावी लागते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या नाही.

दीड लाख हाही बऱ्याच घरांसाठी मोठाच आकडा आहे. त्यांच्यासाठी बेट म्हणजे अंदमानच असं काही नाही. मालवणच्या समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर उभा आहे, १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं बांधकाम सुरू केलं. शेजारी तारकर्लीची वाळू, मालवणात स्कूबा, घरगुती खानावळीत सोलकढी. नागपूर-मडगाव विशेष गाडी चालू असेल तर ती बडनेरा-अकोल्यावरून थेट कुडाळला सोडते. हीच चौघं तिथे पाच दिवस पन्नास हजारांच्या आसपास राहून येतात. लक्षद्वीप दिसायला सगळ्यात सुंदर, पण प्रवेशपरवाना लागतो, राहायच्या जागा मोजक्या आणि कोचीहून आगत्तीला जाणारी विमानं छोटी, त्यामुळे कुटुंबाचा खर्च अंदमानपेक्षा वर जातो.

स्टाइल कमी पैशात

रिसॉर्टच्या दोन रात्री सहलीच्या मध्यावर, स्वराज द्वीपवर ठेवा. पहिल्या दिवशी सगळे थकलेले असतात आणि शेवटच्या दिवशी बॅगा भरत असतात, तेव्हा महागड्या खोलीचा उपयोग नाही. सहाही रात्री मध्यम हॉटेलात काढण्यापेक्षा चार साध्या आणि दोन झकास, हे गणित लक्षात राहतं आणि फोटोतही तेच दिसतं.

कपड्यांसाठी वेगळा खर्च नको. अमरावतीत नांदगाव पेठेच्या बाजूला कापडाचा मोठा घाऊक बाजार आहे आणि दमट हवेत सुती कपड्याइतकं काही चालत नाही. निळ्या-हिरव्या पाण्यापुढे पांढरा, पिवळा, गेरूचा रंग खुलतो. निळा टी-शर्ट पाण्यात हरवतो. जीन्स घरी ठेवा, एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही. आजीला पाण्यात पाय बुडवायचे असतील तर हलकं सुती पातळ बरं. खडकांवर प्रवाळाने पाय कापतो म्हणून पट्ट्याचे रबरी सँडल सगळ्यांना हवेत.

फोटोसाठी सकाळी साडेपाच ते सात हा वेळ. ऊन कोवळं, किनारा रिकामा. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका, अंदमान संरक्षणदृष्ट्या संवेदनशील आहे. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट सुधारलं आहे, पण छोट्या बेटांवर अजून रडतखडत चालतं. स्टोरी रात्री टाका. यूपीआय अडलं तर हाताशी रोख असू द्या.

पाण्याशी मस्ती नको

वऱ्हाडातली पोरं विहिरीत, तलावात किंवा स्विमिंग टँकमध्ये पोहायला शिकतात, बरीचशी शिकतच नाहीत. समुद्राला ओढ असते आणि ती वरून दिसत नाही. जीवरक्षक जिथे आहेत आणि पोहायला परवानगी जिथे आहे, तिथेच उतरायचं. काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या इशाऱ्याच्या पाट्या आहेत, त्या शोभेच्या नाहीत. लाइफ जॅकेटचा बंद स्वतः ओढून बघा, विशेषतः मुलांचा.

स्कूबासाठी पोहता येण्याची अट साधारणपणे नसते, पण दहा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत, आणि दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. बऱ्याच जणांना एक गोष्ट माहीतच नसते: स्कूबानंतर लगेच विमानात बसायचं नाही. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. एका डाइव्हनंतर किमान बारा तास, एकापेक्षा जास्त डाइव्हनंतर अठरा तास जाऊ द्यावेत. वरच्या आखणीत स्कूबा स्वराज द्वीपवर, म्हणजे परतीच्या विमानाच्या तीन-चार दिवस आधी येतं, तेही याचसाठी.

बोट लागण्याचा त्रास घाटात गाडी लागणाऱ्यांना हमखास होतो. पोट तुडुंब भरून चढू नका, जागा मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या, गोळी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून निघायच्या अर्धा-एक तास आधी.

बुकिंगचा क्रम आणि फसवणूक

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. २५ एप्रिलला निघायचं तर रेल्वेचं तिकीट २४ फेब्रुवारीला निघेल, पण विमानाचं जानेवारीतच काढावं लागेल. म्हणून क्रम असा: आधी विमान, मग त्याला जोडून बोटी आणि रिसॉर्टच्या दोन रात्री, मग ठरल्या दिवशी सकाळी आठला रेल्वे. साध्या खोल्या शेवटी.

इन्स्टाग्रामवर '९,९९९ मध्ये अंदमान, विमानासह' अशी जाहिरात दिसली की वरचा हिशेब आठवा. एकट्या विमानालाच त्याहून जास्त लागतात. पूर्ण रक्कम आगाऊ आणि ती एखाद्या व्यक्तीच्या खात्यात मागितली जात असेल तर तिथेच थांबा. हॉटेलचा फोन नंबर जाहिरातीतून नव्हे, स्वतंत्रपणे शोधून बुकिंग झालंय का विचारा. विमानाचा पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर टाकून तपासा. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका, तातडीने १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पुढच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र सोबत हवं, मुलांचं आधार किंवा शाळेचं ओळखपत्रही. विमानासाठी आणि बोटीसाठीही ते लागतं. परतताना किनाऱ्यावर वेचलेले शंख आणि प्रवाळाचे तुकडे बॅगेत ठेवू नका. त्यांतल्या अनेक प्रजाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि विमानतळावर बॅगा तपासल्या जातात. धाकट्याने खिशात एखादा शिंपला लपवलाय का, ते हॉटेल सोडण्याआधीच बघून घ्या. शोभेचा शंख हवाच असेल तर सरकारी सागरिका एम्पोरियममधून घ्या आणि पावती घरी पोचेपर्यंत जपून ठेवा.